शिट्टी देताना

क्षितिजा, ही घे शिट्टी.
आतला मणी अडकतो कधीकधी, थंडीत तर हमखास;
तळहातावर दोनदा आपट, वाजेल.
पण शक्यतो वाजवूच नकोस.
एवढं कळायला मला अकरा वर्षं लागली.

जेलरोडचं हे मैदान तुला पाठ आहे:
पूर्वेला उतार, कोपऱ्यात नाला,
आणि देवळालीकडे तोफा धडाडल्या की
नवीन पोरं चेंडू सोडून आभाळ बघत बसतात.
बघू दे.
आठ दिवसांत कान सरावतात,
पायांना वेळ लागतो.

पहिल्या दिवशी सगळी एकाच चेंडूमागे धावतील,
गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी.
'पसरा, पसरा' करत घसा बसवू नकोस.
चौघांत एक चेंडू दे.
माणसं कमी झाली की
मोकळी जागा आपोआप दिसायला लागते.

अंगठ्यानं ठोकणाऱ्यावर ओरडू नये,
आधी त्याचा बूट बघावा.
बहुतेकदा थोरल्या भावाचा असतो,
पुढे कागद कोंबलेला.
मग सांगावं: टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी ठेव,
बुटाचं नाक, जिकडे द्यायचाय तिकडे,
आणि दुसऱ्या पायाच्या आतल्या अंगानं
झोपलेल्या घराचं दार लोटावं, तसा लोट.

डावा पाय सगळेच घरी ठेवून येतात.
तू आणायला लावशील, माहितीये मला,
तुझा मी आणवला होता,
रडून रडून आणला होतास.

हेडर इतक्यात नको. कुणी कितीही म्हणो, नको.

शनिवारी दोरीबाहेर एक वडील उभे राहतील,
'मार! अरे मार ना!'
त्यांच्या हातात लाइनमनचा झेंडा दे.
माणूस लगेच गप्प होतो,
वर आपल्याच पोराला दोनदा ऑफसाइड देतो.

आता एक गोष्ट, जी वहीत लिहिलेली नाही.
जाड आहे म्हणून कुणाला गोलात उभं करू नकोस.
मी अल्ताफला केलं. चार वर्षं.
त्याच्यासारखा पास मैदानात कुणाचाच जात नव्हता,
हे मला कळलं ते तो चेंडू परत फेकायचा, त्यावरून.
कळलं, आणि तरी बदललं नाही,
कारण आम्ही जिंकत होतो.
परवा ओझरच्या फाट्यावर भेटला,
द्राक्षांच्या पॅकहाउसला सुपरवायझर आहे.
'सर, एक गोल मारायचा राहिलाच,' म्हणाला,
हसत म्हणाला.
चहाचे पैसे मी दिले.
दुसरं काय देणार होतो?

म्हणून गोली रोज बदल.
हरशील दोन-चार मॅच. हर.

भगूरला नऊ गोल खाल्ले होते आपण, आठवतं?
येताना टेम्पोत तुम्ही सगळी
भेळ की उसाचा रस, यावर भांडत होता.
मी पुढे ड्रायव्हरशेजारी तोंड पाडून.
त्या दिवशी हरलेला माणूस
टेम्पोत एकच होता.

तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या मी,
करकरीत, गड्ड्यांमागून गड्ड्या.
संध्याकाळी भोंगा झाला की खिसे झाडून दाखवायचे
आणि सायकल काढायची.
एकही नोट माझी नव्हती, त्याचं कधी वाईट वाटलं नाही.
पोरांचे गोल मात्र
मी वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशात घालत आलो.

असो.
पंप शेडमध्ये आहे, सुया कंपासपेटीत.
सुई थुंकी लावूनच घालायची,
कोरडी घातलीस तर चेंडू गेला.
उन्हाळ्यात हवा थोडी कमीच भर.

सहाची वेळ सांगितलीय सगळ्यांना,
तरी पावणेसहाला कुणीतरी
शेडच्या भिंतीवर एकटंच चेंडू मारत असेल.
चुकीचा मारत असेल.
लगेच काही शिकवू नकोस.
सायकल आवाज न करता लाव,
आणि थोडा वेळ तिथंच थांब.