जांभळी अक्षरं

सोहारला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सातजण आणि एक कॉम्प्युटर.
वर्गणी माणशी नऊ रियाल.
लवू कुळयेने सहाच दिले, तीन अजून येणे आहेत,
माझ्या वहीत आहे.

भाडं वाटून, सुरमई वाटून, एसीचं बिल वाटून झालं
की रात्री पाळीपाळीने खुर्चीवर.
खुर्ची भिंतीला टेकवलेली,
मागून कुणी बघायला नको म्हणून.

तरी कळायचंच.
एक अक्षर टाकलं की खाली रांग लागायची
सगळ्यांच्या मागच्या रात्रींची.
मी 'र' टाकायचो रियालच्या भावासाठी
आणि यायचं: रडणाऱ्या तान्ह्या बाळाला काय द्यावं.
तो घाग. मुलगी बावीस दिवसांची, अजून पाहिली नव्हती.
'प'वर: पगार तीन महिने न दिल्यास तक्रार कुठे.
'ब'वर: बायको फोनवर बोलत नाही कारणे.
याबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही.
फक्त त्या आठवड्यात जयवंतच्या चहात
साखर जरा जास्त पडत राहिली.

ज्या पानावर कुणी जाऊन आलं
त्याची निळी अक्षरं जांभळी व्हायची.
जांभळं खाल्लेल्या पोराची जीभ
आईपासून लपते थोडीच.
गनीभाई वांगडे नव्या पोराला खुर्चीत बसवून सांगायचे,
निळ्यावर जाऊ नको रे, जांभळं बघ,
तिथे आपलं माणूस जाऊन आलंय.

शाबानात गनीभाई झोपेतच गेले.
पेटी हर्णैला गेली. गादी गुंडाळली.
महिन्याभराने मी 'ड' टाकला, डिझेलच्या हिशोबासाठी.

डाव्या हाताला मुंग्या येणे
डाव्या हाताला मुंग्या येणे रात्री
डाव्या हाताला मुंग्या येणे घरी न कळवता उपचार

अकरा वेळा. पहाटेचे तीन, सव्वातीन.
माझी खाट त्या खुर्चीपासून दीड हातावर.

घाग म्हणाला, पुसून टाक,
मेलेल्या माणसाचं असं उघडं ठेवू नये.
लवू म्हणाला, मग कफील बदलायचा अर्ज
पुढच्याने कुठे धुंडाळायचा?
त्यात हर्णैहून मुलाचा निरोप:
अब्बा रात्री काय बघायचे, असेल ते पाठवा.

तीन रात्री वाद. मग ठरलं,
प्रत्येकाने एकट्याने बसावं, आपलं नको ते काढावं.
कुणी किती काढलं, कुणी मोजलं नाही.
जयवंत मात्र फार वेळ बसला.
उरलेलं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं:
एक वरच्या खोलीला,
एक बंदरावरच्या कॅम्पातल्या पोरांना,
एक हर्णैला.
गनीभाईंचं काढायला कुणीच नव्हतं.
ते अकरा मी आमच्याकडे ठेवले
आणि हर्णैच्या प्रतीतून वगळले.
बरोबर केलं का, अजून कळत नाही.

परवा सोलापूरच्या मल्लिनाथने 'श' टाकला,
शिफ्ट बघायला,
आणि आलं: शेवग्याच्या शेंगा सोहार.
जांभळं. नकाशावर एक खूण.
शुक्रवारी तिघे गेलो.
खजुरांच्या मागे घर, अंगणात खरंच शेवगा.
म्हातारीने न विचारताच पिशवी भरली,
मग अरबीत काहीतरी विचारलं,
हाताने दाढी दाखवली, थोडं लंगडून दाखवलं.

लवूने वर आभाळाकडे बोट केलं.
तिला वाटलं, विमान.
हसली, मान हलवली, आणखी चार शेंगा दिल्या.

आम्ही ते तसंच राहू दिलं.