मिठागराच्या पलीकडे

कादिसच्या उपसागराकाठी
जिथे बापाने चाळीस वर्षं लाकडी फावड्याने मीठ ओढलं,
तिथेच बांधापलीकडे कासिल्दाची तीन तळी :
लांबट, धावपट्टीसारखी, गुडघाभरही खोल नाहीत,
आणि त्यांत अख्ख्या गावाचं सांडपाणी.

चाक फिरतं. त्याला घाई नाही.
पाणी जातं, वळतं, परत येतं,
तेच पाणी, पण जरा कमी मळकं.
उन्हं चढली की बुडबुडे सुटतात.
डोळ्यांना न दिसणारं शेवाळ
गावाने टाकलेलं गिळत गिळत
दाट होत जातं.

म्हातारा फेर्मिन कुंपणाला टेकतो.
"मिठागरात हिरवं दिसलं की आम्हाला शिव्या बसायच्या.
तुला पगार देतात?"
ती पेला उन्हात धरते.
काल पालक होता, आज वालाची कोवळी शेंग.
वहीत आकडा लिहिते.
रंगासाठी रकाना नाही.

ऑगस्टात एका रात्रीत सगळं चरून झालं.
सकाळी तिन्ही तळी चहाच्या रंगाची.
सूक्ष्मदर्शकाखाली तोंडंच तोंडं,
तोंडाभोवती केसांची भिरभिरी,
पोटं हिरवी, तट्ट.
सेव्हियाहून फोन : उपसा, धुवा, नव्याने पेरा.
तीन आठवडे.
तीन आठवडे गाव काय संडासला जायचं थांबणार होतं?

"गोड्या पाण्यातलेच ना ते किडे?" बापाने विचारलं,
आणि संध्याकाळी हातगाडीवर चार पिंपं.
मीठ काढून उरलेलं तळाचं पाणी,
जिभेला लागलं तर चरचरतं.
एकाच तळ्यात ओतलं. कडेच्या, सगळ्यांत लहान.
"बघू, खाल्ल्या मिठाला जागतंय का."

ती दोन रात्री खुर्चीतच झोपली.
चाक पाणी कापत राहिलं, चहा, चहा, चहा.
पाचव्या दिवशी पात्याच्या सावलीत
काहीतरी. पालक नाही, शेंग नाही.
समासात तिने लिहिलं : कच्चं ऑलिव्ह.
आणि खाली, बारीक अक्षरात, पिंपं चार.

आता मंगळवारी कचऱ्याची गाडी येते.
तिच्या टाकीत याच शेवाळाचा गॅस,
म्हणजे फिरून फिरून गावचाच.
फेर्मिन वाकून धुराड्याशी नाक नेतो.
ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, हा हलत नाही.

"काहीच वास नाही," सरळ होत म्हणतो,
जरा हिरमुसून,
"आपलंच असून
ओळख देत नाही."