उन्हाचा बर्फ

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यात
प्लॅस्टिकच्या सात खुर्च्या मांडल्या होत्या.
चार निधीच्या लोकांना, दोन बँकेला,
एक मला, कारण दिवसाचे पैसे घेऊन
मी दोन भाषांच्या मध्ये बसते.
सोसायटीच्या बायका उलट्या टोपल्यांवर.

पाहुण्यांसाठी जनरेटर बंद ठेवला होता.
एरवी तो असा खोकतो
की भाव ओरडून सांगावा लागतो,
आणि डिझेलचा वास बर्फालाही येतो,
म्हणतात.

मुद्दा साधा होता. छपरावर पॅनेल,
पॅनेलवर ऊन, उन्हातून वीज, विजेतून बर्फ.
'उन्हाचा बर्फ?' कुणीतरी फिसकन हसलं.
मी तेही पलीकडे पोचवलं, हसू सोडून.

मग कागद आले. एकशे बारा पानं.
सवलतीचं कर्ज. हमी. हरित निकष.
'लाभार्थी' एकोणचाळीस वेळा,
'मासळी' एकदाही नाही.
चष्मा पुसत बर्गमान साहेब म्हणाले,
जोखीम कोणाची, ते आधी ठरायला हवं.

जोखीम.
मी क्षणभर अडखळले.
माझी आत्या लग्नाला निघताना
पदराखाली डबा धरून बजावायची,
जोखीम आहे बरोबर, गर्दीत शिरू नका.
तिच्या लेखी जोखीम म्हणजे सोनं.
यांच्या लेखी, डॉलर चढला की जे बुडतं ते.
मी बुडण्याचाच अर्थ सांगितला. करारात तोच होता.

चांगुणाबाई वैती, खजिनदार.
पाटल्या गहाण टाकून पहिला हिस्सा भरलेली,
मनगटं अजून मोकळी.
'डॉलर चढतो तवा आमची कोलंबी पन चढते का?'
मी विचारलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
'बरं, हप्ता कवा?'
दर तिमाहीला. तीस जून धरून.

'जूनात होड्या वर असतात,' ती म्हणाली.
'जून-जुलै बंदी. आता सरकारची,
आधी दर्याची होती. नारळ पडंपर्यंत
जाळी शिवायची, उसनं खायचं.
सूर्य पन तवा ढगाखाली निजतो.
आम्ही बंद, सूर्य बंद,
मंग हप्ताच कसा चालू?'

मी शब्दशः सांगितलं.
त्यांच्यातल्या तरुण मुलीनं लिहून घेतलं,
आणि विचारलं, हे कुठल्या रकान्यात घालू?

बर्गमान साहेब वाईट माणूस नव्हता.
त्याच्या गावची नदी तळघरात शिरली होती,
आईचं शिवणयंत्र अजून गाळासकट ठेवलंय, म्हणाला.
बायका चुकचुकल्या. त्याला भाषांतर लागलं नाही.
पैसा माझा नाही, असंही तो दोनदा म्हणाला.
धूर कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.
मागे रिफायनरीची ज्योत
भर दुपारी जळत होती.

निघताना चांगुणाबाईंनी लादीचा टवका काढून
त्याच्या तळहातावर ठेवला.
त्यानं हात बदलला. पुन्हा बदलला.
'धरा, धरा,' ती म्हणाली,
'हा हाये तवर बोलून घ्या.'

कलम चौदा-तीनच्या समासात
मी पेन्सिलीनं लिहिलंय: जून, जुलै वगळून.
उत्तर यायचंय.
पॅनेलचे खांब मात्र आधीच आलेत,
खाऱ्या वाऱ्यानं गंजू नयेत म्हणून
होडीच्या ताडपत्रीखाली झाकलेत.
जूनमध्ये ती ताडपत्री
होडीला लागेल.