मे महिन्याची कितवी

हल शहर. मंगळवार, संध्याकाळचे सात.
चर्चमागच्या खोलीत हीटर ठोके देत तापतो
आणि मी फळ्यावर लिहिते:
माइट हॅव. कुड हॅव. मस्ट हॅव. कान्ट हॅव.

पुस्तकात चित्र आहे. फुटकी खिडकी,
उघडा पिंजरा, गालिच्यावर पिवळी पिसं.
काय झालं असेल?
"मांजर आलं असेल," हीवा म्हणतो.
"आलंच असणार," ओरिना म्हणते, "पिसं बघ की."
"येणं शक्य नाही. काच बाहेर सांडलीय,"
हा म्हातारा यूसुफ, सुलेमानियात काचकाम करायचा.
शाब्बास, मी म्हणते.
जेवढा पुरावा, तेवढंच क्रियापद.

मग लेतेब्रहान हात वर करते.
सहा आठवड्यांत पहिल्यांदा.
वहीतून वाचते, अंधारात जिना उतरावा तशी:
माझा भाऊ. कुड हॅव. फोन.

व्याकरणात चूक नाही.
पण बाई गं, यातला कुठला?
केला असेल त्यानं, तुला लागला नसेल, तो?
की करता आला असता, केला नाही, तो?
इंग्रजीत दोघांना मिळून एकच कोट आहे,
आत कोण आहे ते चालीवरून ओळखायचं.

ती म्हणते, त्या रात्री बोटी दोन होत्या.
निळी पोचली.
निळीत तो नव्हता.
"टीचर, मग मस्ट हॅव?"

हीवा खोडरबर सोलत बसतो.

माझे वडील ट्रॉलरवर होते.
जानेवारीत गेले, नॉर्वेच्याही वर कुठेतरी,
वायरलेसवर शेवटचं बोलले ते बर्फाविषयी.
कंपनीनं फॉर्म पाठवला. मृत्यूची तारीख: एक चौकट.
आईनं महिनाभर तो ब्रेडच्या डब्याखाली ठेवला
आणि एका सकाळी, पोस्ट उघडायच्या आधी,
चौकटीत एकच शब्द लिहिला: मे.
असेल. नसेलही.
कारकुनाला वाटलं, महिना.
उलट टपाली पत्र:
कृपया कळवावे, मे महिन्याची कितवी?
आई इतकी हसली त्या दिवशी,
इतकी, की शेजारची डोरीन धावत आली.

हे मी वर्गात सांगत नाही.
मस्ट हॅव पुसते. नीट पुसलं जात नाही,
हिरव्या फळ्यावर त्याचं पांढुरकं राहतं.
नवव्या धड्यातलं आजच लिहिते: मे हॅव.
सांगते, माइट हॅव सगळं कळल्यावरही म्हणता येतं,
वाचला असता, बुडाला असता, झालं ते झालं.
मे हॅव मात्र कळेपर्यंतच.
कळलं की ते म्हणायची सोय नाही.

लेतेब्रहान उतरवून घेते.
पेन थांबतं.
"स्पेलिंग महिन्याचंच?"
हो, महिन्याचंच.

दारात किल्ल्या वाजवत केअरटेकर उभा.
आठ वाजून गेलेत.