दोन सूत

ऑटलीत नोव्हेंबर लागला
की रविवारच्या टोळीचा नियम एकच:
मडगार्ड नसेल त्याने सगळ्यांत मागे राहायचं.
मला तो कुणी सांगितला नव्हता.
मॉरीनने तोंडावर झेलला.

बर्नसॉलपर्यंत वीस मैल ती माझ्या मागे,
एकाहत्तर वर्षांची, बस चालवून निवृत्त.
माझ्या चाकाने उडवलेलं अख्खं खोरं
तिच्या चष्म्यावर, दातांत, गळपट्टीच्या घडीत.
चहाला थांबलो तेव्हा चष्मा पुसत म्हणाली,
"मेंढ्या यंदा चांगलंचुंगलं खातायत."
बस्स.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता गॅरेजात सायकल उलटी टांगलेली.
शर्यतीची जात. घडवणाऱ्याने
पाऊस हिशोबात धरलेलाच नाही.
टायर आणि ब्रेकच्या मधून
काडेपेटीतली काडी कशीबशी जाते,
तीही गुलाच्या बाजूने अडकते.

बाबा इचलकरंजीत मागांचे जॉबर.
त्यांच्याकडे मिलिमीटर नव्हते, सूत होतं.
अर्धं सूत, पाव सूत, आणि त्याच्याखाली केस.
"एक केस काढ," म्हणत कानस हातात द्यायचे
आणि मी केसभरच काढायची.
पुढे तेच केलं जन्मभर, लोकांच्या दाढांवर.

दुकानातला पोरगा म्हणाला होता, नाही बसणार.
नव्या कवळीबद्दल हे मी रोज ऐकते.
बसते.
घासावी लागते.

अठ्ठावीसचा टायर काढून पंचवीसचा चढवला.
हेअर ड्रायरने प्लास्टिक मऊ करून
कडा चिमटीत धरून आत वळवल्या, बोटं भाजेपर्यंत.
ब्रेकखाली येणारा भाग करवतीने काढून टाकला,
म्हणजे मडगार्ड एक, तुकडे दोन,
मधे उघडी फट, पडलेल्या दातासारखी.
फ्रेमला भोकं नाहीत, म्हणून रबरी चिमटे.
एक वायसर. दोन वायसर.
दुसरा कानशीने घासून अर्धा.
चाक फिरवलं.
खर्र.
पाव फेरा सैल केला.
खर्र, पण आता एकाच जागी.
डावी तार अंगठ्याने दाबली, गप्प.
अंगठा उचलला, खर्र.

साडेअकराला जयदीप दारात,
"शंभर पौंडांत एखादी जुनी मिळेल गं, पावसापुरती."
मी म्हटलं, बॅटरी जरा इकडे धर.
त्याने धरली. मग जांभई देत तोही वाकला,
आणि आम्ही दोघं एका फटीतून
पलीकडचा उजेड दिसतो का ते बघत राहिलो.
दिसला. दोन सूत.
बरं, दीड.

पुढचं मडगार्ड माझ्या बुटांसाठी.
मागच्याचं मला फार काही नाही,
पाठ कोरडी राहते ती वरकमाई.
त्याला शेपूट हवी, रस्त्यापासून चार बोटांवर;
ती विकत मिळते, पण इथली रीत
दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनची.
रिकामा कॅन कात्रीने कापला, दोन भोकं, दोन बोल्ट.
आटे पूर्ण बसेपर्यंत एक वाजला.

रविवारी पाऊस आडवा.
इल्कलीच्या पुढे रस्ता नदीच्या कडेने वळतो,
डावीकडे वळताना पुढचं अजून कुरकुरतं,
एक केस राहिलाच कुठेतरी, बाबांना कळला असता.
मागे वळून बघायचं नाही म्हणून बघितलं नाही.
फक्त एक दुसरी साखळी ऐकू येत होती,
मग तिच्या श्वासाची शिट्टी,
मग अगदी कानाशी आल्यासारखा मॉरीनचा आवाज:
"अगं डॉक्टर,
तुझं दूध मंगळवारीच नासलंय!"