ला

खिंडीला इथे ला म्हणतात.
एकच अक्षर.
दम लागलेल्या माणसाला तेवढंच परवडतं.

यांगडोल पुढे, मधे तिची दोन गाढवं, शेवटी मी.
तिचं वय बासष्ट, माझ्या गुडघ्यांचं त्याहून जास्त.
पहाटे तीनला निघालो, बर्फ कडक आहे तोवर.
गाढवांवर पीठ, रॉकेल, एका शाळेसाठी छोटा फळा,
आणि तिच्या अंगरख्याच्या आत, पोटाशी,
लोकरी फडक्यात बांधलेलं काहीतरी
जे तिनं मुक्कामातही खाली ठेवलं नाही.
मला वाटलं मूर्ती. किंवा पैसे.

आदल्या गावात मणीच्या भिंतीपाशी
तिनं मला बाही धरून वळवलं होतं:
भिंत उजव्या हाताला.
चार पावलं जास्त पडली म्हणून मी कुरकुरलो.
गोन्पातल्या पोरगेल्या लामानं, चोसफेलनं,
माझ्या बुटांची किंमत विचारली
आणि ऐकून
तीनदा चहा ओतला, कीव आल्यासारखा.

वर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.
पताकांचे रंग वाऱ्यानं कधीच खाल्लेले,
उरलेल्या दोऱ्या फटफट वाजत होत्या.
की की सो सो, ल्हार्ग्यालो!
ती ओरडली, देव जिंकले म्हणून.
मी हरलो होतो, दगडावर बसलो.
शेजारी बसून तिनं फडकं सोडलं.
आत तीन चकत्या, करड्या, वाळलेल्या,
लहान मुलीनं थापलेल्या गोवऱ्यांसारख्या.

फाब. छांगचं मुरवण.

तुटक हिंदीत तिनं सांगितलं ते असं:
एकोणिसाव्या वर्षी ती हाच ला ओलांडून सासरी गेली
तेव्हा आईनं दिलेलं, चिमूटभर.
दर वर्षी जुन्यातलं थोडं नव्या पिठात,
त्रेचाळीस वर्षं.
आणि गेल्या साली माहेरचंच मेलं.
नाल्याला लोंढा आला, कोठारात ओल शिरली.
बाजारातलं घातलं तर छांग नुसती आंबते,
भाऊ म्हणतो, माणसालाही चढत नाही, देवालाही नाही.

आणि आई?
ती केव्हाच गेली, यांगडोल म्हणाली,
आई पलीकडच्या कुरणात गेली असावी
तशा आवाजात.

मी मास्तर. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं,
स ला ते, स ला ना ते.
चतुर्थी. ज्याला द्यायचं, त्याला ला लागतो.
आईला, भावाला, लेकीला.
पोरं घोकायची, मी डुलक्या घ्यायचो.
चतुर्थीला इतकी चढण असते
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

उतरताना बर्फ मऊ झालेलं.
मी गाढवाचं शेपूट धरून उतरलो,
हे घरी सांगणार नाही.

गावात कुणी सामोरं आलं नाही.
भाऊ जवाच्या शेतात पाणी वळवत होता,
त्याची पाळी दुपारपर्यंतच होती,
त्यानं फक्त फावडं उंच केलं.
यांगडोल बांधावर बसून
बुटातले खडे काढू लागली.

घरात वहिनीनं चकती नाकाशी नेली.
एकदा. परत एकदा.
मग काही न बोलता तुळईवर ठेवली
आणि जव भाजायला घेतले.

छांगला चार दिवस लागतात.
मी दुसऱ्याच सकाळी निघालो, रजा संपत होती म्हणून नव्हे,
हवा बिघडत होती.
ती कशी उतरली
हे कुणी कळवलं नाही मला.