अर्धा इंच

सेलूच्या बंद पडलेल्या जिनिंगमधून
सागाच्या एकशे बारा फळ्या टेम्पोत आणल्या.
वर ताडपत्री, ताडपत्रीवर अझहर,
एका हातात दोर, दुसऱ्यात भज्यांचा कागद.
भंगारवाला सरपणाच्या भावात देणार होता.
मी फळीला नख लावून वास घेतला,
ते त्यानं पाहिलं,
आणि भाव तिथंच दुप्पट झाला.

जालना लोखंडाचं गाव.
इथं सळई वितळते, बियाणं पाकिटात भरलं जातं,
लाकडाला कोण विचारतो.

पहिला आठवडा नुसते खिळे.
चौकोनी डोक्याचे, गंजून फळीचेच झालेले.
पकडीत धरून हळूहळू हलवायचे,
दुखऱ्या दाढेसारखे.
एक आत राहिला, रंध्याच्या मशीनचं पातं गेलं.
अठराशे रुपये.
अझहर म्हणाला, "चाचा, ही चावती."

फटींतून सरकी निघाली,
मळका केस अंगाला धरून बसलेली.
मूठभर होती. दुकानामागं पेरून पाहिली.
उगवली नाही.

डॉक्टर बिडवे बाईंचं नवं घर मंठा चौफुलीच्या पुढं.
त्यांना जमिनीला जुनंच लाकूड हवं होतं,
पण डाग नको, भोकं नको,
आणि रंग सगळीकडं एकसारखा.
मी म्हटलं, बाई, मग छापील घ्या.
त्यात गाठीसुद्धा छापून येतात,
दर चौथ्या फळीला तीच गाठ.
त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसला, म्हणाल्या,
"बरं. डाग राहू द्या. भोकं तेवढी भरा."
भोकं भरली, सागाचाच भुसा मळून.
दोन-चार विसरलो.

सत्तेचाळीस नंबरची फळी मात्र
मी चार दिवस बाजूलाच ठेवली होती.
तिच्या मधोमध दोन खळगे,
बशीपेक्षा उथळ, वीतभर अंतरानं.
यंत्रापुढं कुणी उभं राहिलं असेल,
कापूस लोटत, पाळी संपेस्तोवर,
मग दुसरं कुणी त्याच जागी, मग तिसरं.
हजेरीच्या वह्या रद्दीत गेलेल्या,
नाव कुठं शोधणार.
डावा खळगा जास्त खोल आहे.
भार डाव्या पायावर टाकायची सवय.
एवढंच कळलं, बोट फिरवून.

बाई म्हणाल्या, ही पलंगाखाली जाऊ द्या.
मी मान हलवली.
मान हलवली म्हणजे हो म्हटलं, असं नाही.
तिला स्वयंपाकघरात ओट्यापुढं बसवलं,
रंधा लावला नाही,
नुसतं जवसाचं तेल, तीन हात,
मधे दोन-दोन दिवस वाळू देऊन.

संध्याकाळी बाई चहा गाळायला उभ्या राहिल्या.
पाय थोडे सरकले, चाचपले, थांबले.
त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं.
"काहून हो केरबा?"
मी गुण्या पुसत राहिलो.
त्यांनी चपला काढून ओट्याखाली सारल्या
आणि चहा गाळला. मलाही दिला, अझहरलाही.

डॉक्टरसाहेब कोपऱ्यात वाकून बघत होते.
"केरबा, इथं भिंतीपाशी राहिलंय की,
चारी बाजूंनी अर्धा इंच."
राहिलं नाही साहेब, ठेवलंय.
पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं,
कापून इतकी वर्षं झाली तरी.
त्याला हलायला जागा ठेवावी लागते,
नाहीतर मधूनच उठतं.
त्यांनी पट्टीनं मोजून पाहिलं. अर्धा इंचच होता.
मग वरून पट्टी मारली, ती भिंतीला,
फळीला नाही.

मे महिन्यात फोन आला, दुपारी दोनला,
जेव्हा इथं कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
"फटी पडल्यात हो. पोस्टकार्ड जाईल एवढ्या."
मी म्हटलं, काही करू नका.
लांबी भरू नका, कुणाला दाखवू नका,
आषाढापर्यंत थांबा.
"आणि नाही मिटल्या तर?"
तर फोन करा.

आषाढ गेला. श्रावणातले दोन सोमवार गेले.
दुकानात फोन ठोकळ्यावर पडलेला असतो,
भुसा बसतो त्याच्यावर, मी झटकतो.
इतर लोकांचे येतात.
बिडवे बाईंचा नाही आला.